कंपनीवर फौजदारी खटला: परदेशी कायदा वाचताना या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या मालकांनी इंग्लंडच्या ग्राहकाचा करार माझ्यापुढे ठेवला. लाच रोखण्याच्या कलमाभोवती पेन्सिलीचा गोल होता. "वकीलसाहेब, एजंटानं कुठं पैसे चारले ते आम्हाला कसं कळणार? आणि कंपनीला काय तुरुंगात घालणार?"

तुरुंगाचं आधी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच सांगितलंय: कैद आणि दंड दोन्ही सक्तीचे असले, तरी कंपनीवर खटला चालतो, शिक्षा दंडाची होते.

एजंटाचा मुद्दा जास्त गंभीर. ब्रिटनच्या २०१० च्या लाचविरोधी कायद्यानुसार कंपनीच्या वतीनं काम करणाऱ्यानं तिच्या धंद्यासाठी लाच दिली, तर मालकाला पत्ता नव्हता हा बचाव चालत नाही. लाच रोखायची पुरेशी व्यवस्था होती, हे कंपनीनंच सिद्ध करायचं. म्हणून तिकडचा ग्राहक स्वतःला वाचवायला तुमच्याकडून कागद मागतो. सही करण्याआधी एजंटाची बिलं काढा. आम्ही काढली, तर एका बिलावर फक्त "किरकोळ खर्च" आणि रक्कम. कशाचा खर्च, कुणाला दिला, काही नाही. असं बिल पास करू नका.

इंग्लंड-अमेरिकेचा कायदा सारखाच, ही चूक शिकलेले लोकही करतात. अमेरिकेत १९०९ पासून साध्या नोकराचं कृत्यही कंपनीवर येतं. ते नोकरीच्या कामात आणि थोडंतरी कंपनीच्या फायद्यासाठी केलेलं असलं की झालं. इंग्लंडमध्ये मात्र टेस्को या सुपरमार्केट कंपनीच्या १९७१ च्या खटल्यात दुकानाचा मॅनेजर म्हणजे कंपनी नव्हे, असं ठरलं. पण जुन्या नोट्सवर विसंबू नका: २०२३ च्या कायद्यानं आर्थिक गुन्ह्यांसाठी वरिष्ठ व्यवस्थापकाचं कृत्य कंपनीचं मानलं.

जर्मनीत कंपनीवर फौजदारी गुन्हा नोंदवत नाहीत, म्हणून निर्धास्त होऊ नका. दंड होतो, शिवाय कमावलेला नफाही काढून घेतात. फोक्सवॅगननं २०१८ मध्ये १०० कोटी युरो भरले.

आणि घरची चूक. कंपनी आरोपी म्हणून संचालक आपोआप आरोपी होत नाही. त्याचा प्रत्यक्ष सहभाग किंवा कायद्यात तशी तरतूद लागते, हे २०१५ मध्ये स्पष्ट झालं. चेक बाउन्समध्ये तशी तरतूद आहे, पण तिथं लोक उलटं चुकतात: रागाच्या भरात फक्त संचालकांवर फिर्याद करतात. कंपनीला आरोपी केल्याशिवाय ती टिकत नाही, असा २०१२ चा निकाल आहे. चेक कंपनीच्या खात्याचा असेल, तर नोटिशीत आणि फिर्यादीत पहिलं नाव कंपनीचं घाला.