हिरव्या रंगाला भुलू नका: फॅन्टसी फुटबॉलची आठवड्याची टीम अशी लावते मी

फॅन्टसी फुटबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदोपत्री टीम बनवायची, त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीचे गुण आपल्याला मिळतात आणि दर आठवड्याला लीगमधल्या एकाशी सामना असतो. 2018 साली आमच्या ऑफिसातल्या लीगमध्ये एक जण कमी पडत होता, म्हणून मला ओढलं. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे एनएफएल, तो हातानं खेळतात, एवढंच तोवर मला ठाऊक होतं. बारा जणांत मी अकरावी आले. कारण सोपं होतं. ॲपमध्ये प्रत्येक खेळाडूपुढे प्रतिस्पर्धी संघाचा क्रमांक दिसतो, सोपा संघ हिरव्यात आणि अवघड लाल रंगात. मी दर आठवड्याला हिरवे वेचायचे आणि लाल बाकावर बसवायचे. भाजी घेतल्यासारखं.

आता तसं करत नाही. आमच्या लीगमध्ये नऊ जागा आहेत: एक क्वार्टरबॅक (पास टाकणारा), दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), दोन रिसीव्हर (पास झेलणारे), एक टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही), एक फ्लेक्स (मागच्या तीन प्रकारांतला कोणीही), एक किकर (चेंडूला लाथ मारणारा), एक डिफेन्स (एखाद्या संघाचा सगळा बचाव). आधी ज्यांची बाय, म्हणजे सुट्टी, आहे ते बाजूला काढायचे. मग ड्राफ्टच्या, म्हणजे हंगामाआधी आळीपाळीनं खेळाडू निवडतो त्याच्या, पहिल्या तीन फेऱ्यांत घेतलेले लावून टाकायचे आणि त्यांच्याकडे पुन्हा बघायचं नाही, समोर कोणीही असो. उरतात दोन, फार तर तीन जागा, जिथे दोघं-तिघं साधारण सारख्याच लायकीचे असतात. मॅचअपचा, म्हणजे समोर कोण आहे याचा, विचार फक्त तिथे करायचा. दर बुधवारी सगळी टीम उलटीपालटी करणारा एक सहकारी आमच्याकडे आहे. त्याच्याविरुद्ध खेळायला मला फार आवडतं.

रंग फसवा का, ते मला 29 नोव्हेंबर 2020 ला कळलं. माझ्या प्रतिस्पर्ध्याकडे कॅन्सस सिटीचा रिसीव्हर टायरीक हिल होता आणि समोर टॅम्पा बे. टॅम्पाचा बचाव काही लेचापेचा नव्हता, म्हणून मी निवांत होते. चहा गाळून बाहेर येते तर हिलचे एक 75 यार्डांचं आणि एक 44 यार्डांचं टचडाऊन, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या पट्ट्यात, होऊन गेलेलं! पहिल्या क्वार्टरमध्येच 203 यार्ड. शेवटी 13 झेल, 269 यार्ड, तीन टचडाऊन. झेलाला एक, दहा यार्डांना एक आणि टचडाऊनला सहा गुण या आमच्या हिशेबानं 57.9. मी अर्थातच हरले. टॅम्पानं त्याच्यावर एकटा बचावपटू कार्लटन डेव्हिस सोडला होता आणि मागे मदतीला वेळेवर कोणी पोचत नव्हतं.

दहा आठवड्यांनी, 7 फेब्रुवारी 2021 ला, सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. या वेळी टॅम्पानं दोन सेफ्टी, म्हणजे शेवटच्या फळीतले बचावपटू, खोल मागे उभे केले आणि हिलला लांब पळू दिलं नाही. त्यातच कॅन्सस सिटीचे क्वार्टरबॅकला वाचवणारे दोन्ही मुख्य टॅकल, फिशर आणि श्वार्ट्झ, दुखापतीनं बाहेर होते, त्यामुळे क्वार्टरबॅक माहोम्सला लांब पास टाकायला वेळच मिळेना. हिलचे सात झेल, 73 यार्ड, म्हणजे 14.3 गुण. खेळाडू तोच, समोरचा संघ तोच. ॲपनं दोन्ही दिवशी साधारण एकच रंग दाखवला असता.

म्हणून आता संघाचा क्रमांक न बघता तीन प्रश्न विचारते. माझ्या रिसीव्हरसमोर नेमका कोण उभा राहणार? डेन्व्हरचा पॅट्रिक सरटेन 2024 चा सर्वोत्तम बचावपटू, पण तो बहुतेक वेळ कडेला खेळतो. माझा माणूस मधल्या स्लॉटमधून पळणारा असेल तर डेन्व्हरचं नाव बघून त्याला बसवायची गरज नाही. दुसरा प्रश्न, दोन्ही संघांतलं कोण जायबंदी आहे? आपल्या क्वार्टरबॅकपुढची भिंत आणि समोरचे लाइनबॅकर (बचावाची मधली फळी), दोन्ही बघायचे. 2020 च्या नाताळला न्यू ऑर्लिन्सच्या ॲल्विन कमारानं मिनेसोटाविरुद्ध धावत सहा टचडाऊन केले, 1929 च्या विक्रमाशी बरोबरी. कमारा मोठाच खेळाडू, पण मिनेसोटाचे केंड्रिक्स आणि बार हे दोघं प्रमुख लाइनबॅकर त्या दिवशी मैदानात नव्हते, हेही खरं. तिसरा प्रश्न, चेंडू याच्याकडे येतो तरी किती? मागच्या तीन सामन्यांत त्याच्याकडे किती पास टाकले, किती वेळा त्याला धावायला दिलं, एवढं मोजा. चेंडूच येत नसेल तर सोपा प्रतिस्पर्धी काय कामाचा! आणि पहिल्या चारेक आठवड्यांत ते क्रमांक बघूच नका. एखाद्या संघानं एकाच तगड्या रनिंग बॅकचा मार खाल्लेला असतो आणि तेवढ्यानं तो तळाला गेलेला असतो.

एवढं करूनही दोघं बरोबरीत राहिले तर सट्टेबाजांचा आकडा बघते. पैसे लावायचे नाहीत, आकडा फुकट घ्यायचा. समजा सामन्याची एकूण गुणसंख्या 48 धरली आहे आणि एक संघ सहा गुणांनी वरचढ मानलाय. 48 चे निम्मे 24, त्यात सहाचे निम्मे तीन मिळवले की वरचढ संघाचे 27, वजा केले की दुसऱ्याचे 21. मी 27 वाल्या संघातला घेते. रनिंग बॅक असेल तर आणखी आनंदानं, कारण पुढे असलेला संघ वेळ काढायला धावतो. किकरवर यापेक्षा जास्त डोकं खर्च करू नका.

हवामानात बर्फाला घाबरू नका, वाऱ्याला घाबरा. 6 डिसेंबर 2021 ला बफेलोत असं वारं सुटलं होतं की न्यू इंग्लंडच्या मॅक जोन्सनं सबंध सामन्यात तीनच पास टाकले, आणि संघ 14-10 नं जिंकला! त्याच्या रिसीव्हरना खेळवणाऱ्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. ताशी 20 मैलांच्या वर अंदाज असेल तर बरोबरीतल्या दोघांपैकी मी डेट्रॉइट किंवा मिनेसोटासारख्या छताखाली खेळणाऱ्याला पसंती देते.

आता वेळापत्रक. बुधवार ते शुक्रवार सरावाच्या बातम्या येतात. बुधवारी विश्रांती घेतली तर काही बिघडत नाही, शुक्रवारी सराव केला नाही तर मात्र पर्याय शोधायला लागा. कोण खेळणार नाही याची शेवटची यादी सामन्याच्या दीड तास आधी येते, म्हणजे रविवारच्या एकच्या सामन्यांसाठी साडेअकराला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनं.

आणि गुरुवारी खेळणारा खेळाडू कधीही फ्लेक्समध्ये ठेवू नका. फ्लेक्समध्ये रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड कोणीही चालतो, म्हणून ती जागा शेवटपर्यंत मोकळी हवी. 2019 मध्ये मी गुरुवारचा रनिंग बॅक तिथे टाकला आणि सामना सुरू होताच ती जागा कुलूपबंद झाली. रविवारी माझा दुसरा एक रनिंग बॅक बाहेर, बाकावर सगळे रिसीव्हर. रनिंग बॅकची जागा रिकामी गेली आणि मी चार गुणांनी हरले. गुरुवारच्या माणसाला त्याच्या मूळ जागेवर बसवलं असतं तर रविवारी फ्लेक्समध्ये दुसरा रनिंग बॅक असता, तो वर सरकवून फ्लेक्समध्ये रिसीव्हर घेता आला असता.

भारतात असाल तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, हे लक्षात ठेवा. त्याआधी ती न खेळणाऱ्यांची यादी रात्री नऊला येते, नंतर दहाला. 2023 ला लक्ष्मीपूजन नेमकं रविवारी आलं आणि मी सांगलीला होते. पूजा, फराळ, फटाके उरकून बरोबर दहाला फोन घेऊन जिन्यात बसले. माझा दुसरा रनिंग बॅक बाहेर. फ्लेक्समधला वर सरकवला, त्याच्या जागी बाकावरचा रिसीव्हर घेतला, दोन मिनिटांचं काम. आईनं विचारलं, "सणाच्या दिवशीसुद्धा ऑफिसचं काम का गं?" ऑफिसचंच आहे, म्हटलं.