आंब्याच्या ओंडक्यात काळ्या रेषा कशा उतरवायच्या

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो की आंब्याच्या स्वच्छ, एकरंगी फळ्या मी नंतर बघतो. आधी कोपऱ्यातल्या डाग पडलेल्या फळ्या उलथ्यापालथ्या करतो. एखादीवर बोरूने ओढाव्यात तशा बारीक काळ्या रेषा निघतात. हे स्पाल्टेड लाकूड. लेथवर वाट्या आणि डब्या कातणाऱ्या माझ्यासारख्याला याहून देखणं लाकूड नाही, आणि पुण्याच्या पावसाळ्यात ते घरीही तयार होतं.

हे काम बुरशीचं. काही बुरश्या लाकडातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखरपणा देणारा घटक, खातात, तो भाग पांढुरका आणि हलका होतो. काही रंग सोडतात. क्लोरोसिबोरिया नावाच्या बुरशीने हिरवंनिळं झालेलं लाकूड 15व्या शतकातले इटालियन कारागीर जडावकामात वापरत. काळ्या रेषा मात्र बहुतेक वेळा हद्दीच्या असतात. दोन बुरश्या समोरासमोर आल्या की आपापला भाग राखायला मेलॅनिनची, म्हणजे काळसर रंगद्रव्याची, भिंत उभी करतात. त्या भिंती आपण आडव्या कापतो, म्हणून फळीवर रेषा दिसतात.

लाकूड फिकट आणि ताजं हवं. आंबा उत्तम. पर्जन्यवृक्षाचा सालीलगतचा पांढरा भागही चालतो. सागाच्या गाभ्यावर वेळ घालवू नका, तो बुरशीला दाद देत नाही. रस्त्यावर पडलेली फांदी परस्पर उचलू नका, महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा.

जूनमध्ये ओंडक्याचे हात-सव्वा हात लांबीचे तुकडे करा, साल राहू द्या. टोकं तडकतात, म्हणून हवी त्याहून थोडी जास्त लांबी ठेवा. तुकडे मातीवर ठेवले तर बुरशीआधी वाळवी येते. त्यामुळे सावलीत विटा मांडून त्यावर उभे करा. वरच्या कापावर ओला भुसा, कुजका पाचोळा आणि आधीच रेषा पडलेल्या लाकडाच्या चार ढलप्या पसरा. वरून प्लॅस्टिक टाका, पण बांधून टाकू नका. बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते, पाण्यात बुडालेल्या लाकडात ती वाढत नाही. 20 ते 30 अंश तापमान तिला मानवतं आणि पावसाळ्यात सावलीत ते आपोआप मिळतं.

थांबायचं कधी, हे खरं कसब. साधारण सहा आठवड्यांनी एक तुकडा काढून टोकाकडची दोन बोटं जाडीची चकती कापा आणि तो कापलेला भाग ओला करून उन्हात बघा, रेषा ठळक उठतात. मग पांढऱ्या भागात नख दाबा. नुसता वळ उठला तर लाकूड कामाचं आहे, नख आत रुतलं तर तो भाग भुसभुशीत झाला. लाकडावर बोटाने टकटक करा: खणखणीत आवाज हवा, बद्द नको. रेषा हव्या तेवढ्या उतरल्या की मोह आवरा. आणखी दोन आठवडे ठेवून रेषा वाढतीलही, पण लाकूड हाती लागणार नाही.

लगेच फळ्या पाडा, टोकांना मेण लावा आणि मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत रचा. ऑक्टोबरच्या उन्हात थेट ठेवलीत तर फळी हमखास तडकेल. ओल 20 टक्क्यांखाली गेली की बुरशीची वाढ थांबते, कातायला मी 12 टक्क्यांपर्यंत थांबतो. वाळली म्हणजे बुरशी मेलीच असं नाही, फळी पुन्हा भिजू देऊ नका.

कातताना पटाशीला कडक धार आणि हलका हात हवा. मऊ भागाचे तंतू उपटले जात असतील तर तिथे पातळ फेविक्विक मुरवा, पूर्ण सुकलं की पुन्हा काता. पॉलिश पेपरमागे लाकडी ठोकळा धरा, नाहीतर मऊ भागात खळगे पडतात. तेल मऊ भागात जास्त मुरून तो काळवंडतो, त्यामुळे मी लॅकर मारतो. एन-95 मास्क लावल्याशिवाय या लाकडाला पेपर लावू नका. दमा असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं.

पाट, खुर्चीचे पाय, जिथे वजन पेलायचं तिथे हे लाकूड नको. रोज धुवायच्या पोळपाटालाही नको. डबीचं झाकण, घड्याळाची तबकडी, भिंतीवरची चौकट यांना द्या, आणि जिथे रेषा सगळ्यात दाट तो भाग दर्शनी बाजूला घ्या.