गंजून बसलेला ऑक्सिजन सेन्सर आटे न मोडता कसा काढावा

स्कॅनरवर पी ०४२० (कॅटकॉन म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) दिसला की गॅरेजवाला डोळे झाकून सांगतो, 'कॅटकॉन गेला.' लगेच मान डोलावू नका, दोष धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचाही असू शकतो. कॅटकॉनमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणून त्याची किंमत ऐकून घाम फुटतो.

आधी इंजिन तापवून स्कॅनरवर कॅटकॉनच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांचे आकडे बघा. साध्या, चार तारांच्या सेन्सरमध्ये इंजिनाकडचा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो. कॅटकॉन धडधाकट असेल तर त्याच्या मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसतो. मागचाही पुढच्यासारखा नाचत असेल तर सायलेन्सरचे जोड कुठे फुसफुसतायत का ते पाहा, आणि मगच कॅटकॉनवर शंका घ्या. पुढचाच सुस्त किंवा एका जागी अडकलेला असेल, किंवा पी ०१३५ म्हणजे त्याच्या हीटरच्या सर्किटचा कोड आला असेल, तर बहुतेक वेळा बदलायचा तो सेन्सर. (हीटरच्या कोडसाठी फ्यूज आणि वायरिंगही एकदा तपासा.)

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. सेन्सरच्या तारेचं कपलर (जोडणीचा प्लग) सोडा.

आता खरी परीक्षा. माझ्या पहिल्या वेळी मी थंड इंजिनावर उघड्या तोंडाचा २२ चा पाना लावला, त्यात पाइप खुपसला आणि लटकलो. आधी षटकोनाच्या कडा गोल झाल्या. मग सेन्सर निघाला, पण येताना मॅनिफोल्डचे (इंजिनाचा धूर गोळा करणारा, सेन्सर बसतो तो पाइप) आटे सोबत घेऊन आला. मॅनिफोल्ड उतरवून लेथवाल्याकडे नेला, १८ बाय १.५ चे आटे पुन्हा पाडून घेतले आणि दोन दिवस रिक्षाने फिरलो. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी असेल तर ही वेळ तुमच्यावर हमखास येणार, असंच धरून चाला.

म्हणून आदल्या रात्री, इंजिन पूर्ण गार असताना, सेन्सरच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल मारा. गरम पाइपावर हा स्प्रे मारू नका, भडका उडतो. सकाळी मोकळ्या जागेत इंजिन पाचेक मिनिटं चालवा. थोडा धूर येईल, तो त्या तेलाचा. इंजिन बंद करा, जाड हातमोजे घाला आणि लगेच हात घाला, कारण मॅनिफोल्ड कोमट असतानाच आटे सैल पडतात.

तार बाहेर काढायला फट ठेवलेला सेन्सर सॉकेट सगळे सुचवतात. मला तो आवडत नाही. जोर लागला की फट उघडते आणि कडा घसरतात. नवा सेन्सर हातात आहे ना? मग जुन्याची तार कापून टाका आणि २२ चा पूर्ण बंद, सहा कोनी, खोल सॉकेट बसवा. एकदम लटकू नका. आधी किंचित घट्ट करा, मग सैल, पुन्हा घट्ट. 'कर्र' आवाज आला की थांबा, पाइप गार झाल्यावर तेल सोडा, पुन्हा पुढेमागे.

निघालेल्या सेन्सरचं टोक बघा. काजळी असेल तर इंजिन जास्त पेट्रोल खातंय; पांढरी भुकटी असेल तर सिलिकॉन सीलंट किंवा कूलंट आत पोचतंय. ते कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही मरेल.

नव्याच्या आट्यांवर कंपनीने बहुधा ग्रीस लावलेलंच असतं. नसेल तर उष्णता सहन करणारं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांवर, टोकाला मुळीच नाही. हाताने पूर्ण आत फिरवा, मग ४० न्यूटन मीटरच्या आसपास आवळा. कुणी तार सोल्डर करून जोडायचा सल्ला दिला तर नाही म्हणा; बऱ्याच सेन्सरांना लागणारी बाहेरची हवा तारेच्या आतूनच येते. कपलर लावा, कोड पुसा आणि चालवून बघा.