‘ॲम्प्लेक्सिकॉल’ कसं उच्चारायचं?

वनस्पतींच्या वर्णनात हा शब्द आला की वाचणारा हमखास अडखळतो. त्याचा अर्थ खोडाला मिठी मारणारं पान. रुईची फांदी हातात घ्या (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका). समोरासमोरच्या पानांना देठ जवळजवळ नसतोच आणि पानाच्या तळाचे दोन गोल कान खोडाला बिलगलेले दिसतात. हीच ती मिठी.

शब्दाचे चार तुकडे करा: ॲम्-प्लेक्-सि-कॉल. जोर दुसऱ्यावर, ‘प्लेक्’वर. आपण मराठी माणसं सवयीने सगळे तुकडे सारख्याच वजनाने म्हणतो, म्हणून इथे मुद्दाम जोर द्यावा लागतो. लॅटिनमध्ये ‘ॲम्प्लेक्सस’ म्हणजे आलिंगन आणि ‘कॉलिस’ म्हणजे खोड. मधला ‘इ’ नुसता जोडणारा. भाजीतल्या कॉलिफ्लॉवरचं ‘कॉलि’ही याच ‘कॉलिस’च्या कुळातलं, त्यामुळे शेवटचा तुकडा विसरायला होत नाही.

खरी गफलत शास्त्रीय नावात होते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये एका छोट्या जांभळ्या फुलांच्या रोपाला ‘लॅमियम ॲम्प्लेक्सिकॉली’ हे नाव दिलं. रोमन लिपीत त्याच्या शेवटी ‘ई’ असतो आणि इंग्रजीच्या सवयीने तो गिळला जातो. लॅटिनमध्ये तो उच्चारायचाच. म्हणजे तुकडे पाच: ॲम्-प्लेक्-सि-कॉ-ली, आणि जोर सरकून ‘कॉ’वर येतो. पुल्लिंगी-स्त्रीलिंगी नावांतल्या ‘ॲम्प्लेक्सिकॉलिस’लाही हेच लागू.

आधी चार तुकड्यांचा शब्द दहादा मोठ्याने म्हणा, मगच पाचांकडे वळा.