सागवानी पेटी नव्या फ्लॅटमध्ये

बेळगावच्या टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये खानापूरच्या घरातली सागवानी पेटी आणताय? आधी सांध्यांत वाळवीचं औषध भरा. चकचकीत व्हार्निश मात्र मारू देऊ नका. लाकडाचा मुरलेला रंग त्याखाली मरतो. जवसाचं तेल पातळ चोळा, जादाचं पुसा. तेलकट चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून उघड्यावर वाळवा.

आपल्याकडे पावसाळा भिंतीत मुरतो, म्हणून पेटी चार बोटं पुढे, खाली ठोकळे. मागची भिंत पांढरीच बरी. शेजारी साधा, सरळ रेषांचा सोफा. त्याच्या पाठीवर आजीचं शहापुरी लुगडं घडी घालून. कापून अभ्रे शिवू नका, जीव तुटतो. पितळी हंडा एकच मांडा, बाकीची भांडी वापरात राहू देत.