कुठलं संशोधन पुढे सरकतंय हे सायटेशन डेटावरून कसं शोधायचं

पीएचडीला नुकतं रजिस्टर केलेली मुलं असोत की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी टॉपिक शोधणारी, पुण्यात ॲडमिशनचा सीझन आला की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, सध्या कुठल्या विषयात काम वाढतंय. उत्तर मात्र बहुतेक वेळा गाईड सांगतील ते, नाहीतर शेजारच्या लॅबमधे जे चालू आहे ते. खरंतर हे बऱ्यापैकी डेटावरून काढता येतं, फुकट काढता येतं, आणि एक शनिवार-रविवार नीट बसलात तर सिनॉप्सिस लिहायच्या आधी तुमच्या हातात ठोस काहीतरी असतं. त्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पेपरला एकूण किती सायटेशन आहेत, म्हणजे किती पेपरांनी त्याचा संदर्भ दिलाय, हा ट्रेंड नाही. तो जमा झालेला आकडा आहे, जुन्या पेपरचा मोठा असणारच. ट्रेंड बघायचा तर तीन प्रश्न विचारायचे: दरवर्षी किती जण सायट करतायत, ते कुठल्या विषयातले आहेत, आणि कशासाठी सायट करतायत. तिसरा प्रश्न लोक सोडूनच देतात आणि सगळ्यात जास्त माहिती तिथेच असते.

उदाहरण पुण्याचंच घेऊ, मॉन्सून. पाषाणला आयआयटीएम ही हवामान आणि मॉन्सूनवर संशोधन करणारी संस्था आहे, शिवाजीनगरला हवामान खात्याचं ऑफिस आहे, त्यामुळे ह्या विषयातले खूप महत्त्वाचे पेपर इथूनच निघालेत. प्रश्न "क्लायमेट चेंज" एवढा मोठा घेऊ नका, त्यात लाखो पेपर येतील आणि काहीच कळणार नाही. प्रश्न असा घ्या: मध्य भारतातल्या अतिवृष्टीवरचं संशोधन गेल्या 15-20 वर्षांत कुठल्या दिशेने गेलं.

मग तीन-चार बीज पेपर निवडा, म्हणजे ज्यांच्याशिवाय ह्या विषयावर कोणी लिहूच शकत नाही असे. इथे एक 2006 चा गोस्वामी आणि सहकाऱ्यांचा सायन्स जर्नलमधला पेपर, ज्यात 1951 ते 2000 चा रोजचा पाऊस तपासून दाखवलं की मध्य भारतात सरासरी पाऊस फारसा बदलला नाही पण जोरदार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या. (26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला होता ते सगळ्यांना आठवत असेल, त्यानंतर दीड वर्षाच्या आत हा पेपर आला.) दुसरा 2017 चा रॉक्सी आणि सहकाऱ्यांचा नेचर कम्युनिकेशन्समधला, 1950 ते 2015 मधे मोठ्या भागावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी तिपटीने वाढली असं सांगणारा, आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांशी त्याचा संबंध जोडणारा. तिसरा थोडा वेगळ्या जातीचा, 2014 चा पै आणि सहकाऱ्यांचा हवामान खात्याच्या 'मौसम' जर्नलमधला, ज्यात भारताचा रोजचा पाऊस पाव अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटींमधे बसवून दिलेला आहे. हा तिसरा का घेतला ते पुढे कळेल.

आता दोन दिशांना जायचं. मागे म्हणजे ह्या पेपरांच्या रेफरन्स लिस्टमधे, आणि पुढे म्हणजे ह्यांना ज्यांनी सायट केलं त्यांच्याकडे. मागे जाणं प्रत्येकाला येतं. पुढे जायची सोय मुळात यूजीन गारफिल्ड ह्यांच्यामुळे झाली, त्यांनी 1955 मधे कल्पना मांडली आणि 1964 ला सायन्स सायटेशन इंडेक्स छापील स्वरूपात काढला, आजचं वेब ऑफ सायन्स त्यातूनच आलंय. तुमच्या कॉलेजकडे वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस, म्हणजे पैसे भरून मिळणारे सायटेशन डेटाबेस, असतील तर उत्तम, लायब्ररीत विचारा, बरेचदा असतं आणि मुलांना माहीतच नसतं. नसेल तरी अडत नाही.

सुरुवात गूगल स्कॉलरवर करा. पेपर शोधला की खाली "साईटेड बाय" दिसतं, त्यावर क्लिक केलं की सगळे सायट करणारे पेपर येतात, आणि वरती एक छोटा चौकोन असतो, "सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स". तो टिक करून मग शब्द टाकायचा. म्हणजे 2006 च्या पेपरला सायट करणाऱ्यांमधे "अर्बन फ्लडिंग" किती, "मशीन लर्निंग" किती, "क्रॉप यील्ड" किती, आणि डावीकडे वर्ष बदलत गेलात की कुठला शब्द कधीपासून यायला लागला ते दिसतं. माझ्या मते नवशिक्यासाठी ह्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, आणि दहा मिनिटांत विषयाचा अंदाज येतो. फक्त स्कॉलर एका सर्चचे हजाराच्या पुढचे रिझल्ट दाखवत नाही आणि डेटा एकत्र डाउनलोड करू देत नाही, शिवाय त्यात थीसिस, प्रीप्रिंट (जर्नलमधे छापायच्या आधी टाकलेला पेपर), कुठलीतरी पीडीएफ असं सगळंच मोजलं जातं, म्हणून आकडे लिहून घ्यायला तो वापरू नका, वास घ्यायला वापरा.

आकड्यांसाठी ओपनअ‍ॅलेक्स. मायक्रोसॉफ्टने आपला अकॅडेमिक डेटाबेस 2021 च्या शेवटी बंद केला आणि 2022 च्या सुरुवातीला हे सुरू झालं, डेटा पूर्ण खुला आहे. साईटवर जाऊन टायटल आणि ॲबस्ट्रॅक्टमधे शब्द टाका, मग वर्षाप्रमाणे ग्रुप करा, आणि फाईल उतरवून एक्सेलमधे उघडा. शब्द टाकताना पर्याय विसरू नका, "एक्स्ट्रीम रेनफॉल", "हेवी रेनफॉल", "एक्स्ट्रीम प्रेसिपिटेशन" तिन्ही लोक लिहितात, एकच घेतलात तर अर्धा विषय हातातून जातो.

आता एक्सेलमधे एक कॉलम वाढवायचा, आणि हा कॉलम नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे असं मी स्पष्टच सांगतो. जगात दरवर्षी पेपरच जास्त निघतायत, त्यामुळे कुठलाही विषय घ्या, ग्राफ वर जाताना दिसतो. म्हणून तुमच्या विषयाचे पेपर भागिले त्या मोठ्या क्षेत्राचे त्या वर्षीचे एकूण पेपर, असा हिस्सा काढा. समजा अतिवृष्टीचे पेपर 200 चे 300 झाले, दीडपट, खूश व्हायला हरकत नाही असं वाटेल. पण त्याच काळात मॉन्सूनवरचे एकूण पेपर 10,000 चे 16,000 झाले असतील तर तुमचा हिस्सा 2 टक्क्यांवरून 1.9 च्याही खाली आलाय. म्हणजे विषय वाढत नाहीये, क्षेत्र वाढतंय आणि विषय मागे पडतोय. सिनॉप्सिसमधे नुसता वर जाणारा ग्राफ लावला आणि समितीतल्या कोणी हा प्रश्न विचारला तर उत्तर नसतं.

अजून दोन छोट्या गोष्टी. चालू वर्ष आणि शक्यतो मागचं वर्षही ट्रेंड काढताना वगळा, डेटाबेसमधे पेपर उशिरा येत राहतात आणि ग्राफ शेवटी उगाचच खाली वाकलेला दिसतो. आणि आकडे लहान असतील तर तीन-तीन वर्षांची सरासरी घ्या, एखाद्या कॉन्फरन्सचा विशेषांक निघाला तरी एका वर्षाचा आकडा उडी मारतो.

एकेका पेपरचा आलेखही बघा. साधारण पेपरला पहिली काही वर्षं सायटेशन वाढतात आणि मग हळूहळू ओसरतात. दहा-पंधरा वर्षं जुना पेपर अजून चढतोय, किंवा इतकी वर्षं गप्प पडलेला अचानक उठलाय, तर तिथे थांबा आणि कारण शोधा. आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन ह्यांचा 1935 चा पेपर कित्येक दशकं फारसा सायट होत नव्हता, मग क्वांटम एन्टँगलमेंटवरचं काम वाढलं तसा तो वर आला. अशा पेपरांना व्हान रान ह्यांनी 2004 मधे स्लीपिंग ब्यूटी म्हटलं. तुमच्या विषयात असा एखादा सापडला तर तो बऱ्याचदा सांगतो की दुसऱ्या क्षेत्रातल्या लोकांना आता ह्याची गरज पडायला लागलीय.

आता नकाशा, म्हणजे कुठले पेपर किंवा शब्द एकमेकांच्या जवळचे आहेत हे दाखवणारं ठिपक्यांचं चित्र. ह्यासाठी व्हीओएसव्ह्यूअर वापरा, नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठात व्हान एक आणि वाल्टमन ह्यांनी बनवलंय, फुकट आहे. स्कोपस, वेब ऑफ सायन्सची फाईल चालते आणि ओपनअ‍ॅलेक्सवरून थेटसुद्धा डेटा घेता येतो. उघडल्यावर तो विचारतो कुठल्या प्रकारचा नकाशा हवा, आणि इथे बहुतेक जण जे पहिलं दिसेल ते दाबून पुढे जातात. त्यातला फरक समजून घ्या. को-सायटेशन म्हणजे दोन पेपर तिसऱ्याने एकत्र सायट केले, की ते जवळचे. ह्याची कल्पना 1973 ची, हेन्री स्मॉल ह्यांची. हे व्हायला वेळ लागतो, म्हणून ह्या नकाशात विषयाचा जुना पाया दिसतो. बिब्लिओग्राफिक कपलिंग उलटं आहे, 1963 चं, केसलर ह्यांचं: दोन पेपरांनी तेच ते रेफरन्स वापरले की ते जवळचे. आता विचार करा, पेपरची रेफरन्स लिस्ट तो छापला त्या दिवशी पूर्ण असते, त्याला कोणी सायट करायची वाट बघावी लागत नाही. म्हणजे गेल्या दोन वर्षांत काय शिजतंय हे बघायचं असेल तर कपलिंगच घ्यायचं, आणि टॉपिक शोधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. दोन्ही नकाशे काढून शेजारी ठेवा. कपलिंगमधे एखादा घोळका ठळक आहे आणि त्याचा जुना पाया को-सायटेशनमधे कुठेच नाही, तर ती नवी फांदी आहे.

कीवर्डचा नकाशाही काढा आणि ओव्हरले हा पर्याय निवडा, त्यात रंग सरासरी प्रकाशन वर्षाप्रमाणे येतात, निळे शब्द जुने आणि पिवळे नवे. पण आधी शब्दांची सफाई करा, "मान्सून", "समर मान्सून", "इंडियन समर मान्सून रेनफॉल" हे तीन वेगळे ठिपके म्हणून येतात. साधी टेक्स्ट फाईल बनवून कुठल्या शब्दाच्या जागी कुठला घ्यायचा ते सांगता येतं, थिसॉरस फाईल म्हणतात तिला. कंटाळवाणं काम आहे, पण न केल्यास नकाशा छान दिसतो आणि खोटं बोलतो.

आता तो तिसरा पेपर, 'मौसम'वाला. त्याला सायट करणारे बघितलेत तर अतिवृष्टीवाले असतातच, पण नदीखोऱ्यांवर काम करणारे, दुष्काळवाले, शेतीवाले, मॉडेल तपासणारे असे सगळे येतात, कारण तो डेटासेटचा पेपर आहे, पाऊस लागतो त्या प्रत्येकाला तो सायट करावा लागतो. 2017 च्या पेपरला सायट करणारा मात्र बहुधा एका दाव्याशी काहीतरी बोलत असतो. दोन्हींचे आकडे एकाच रांगेत लावून "हा जास्त प्रभावी" म्हणणं चूक आहे. पण डेटा पेपरचा उपयोग वेगळा आहे: त्याला सायट करणारे कुठकुठल्या क्षेत्रांतले आहेत हे वर्षावार मांडलं की पावसाचा डेटा कुठे कुठे पोचतोय ते कळतं, आणि जिथे नुकताच पोचायला लागलाय तिथे प्रश्न मोकळे असतात.

म्हणून शेवटचं काम हाताने करायचं. सायट करणाऱ्यांतले 25-30 पेपर घ्या, नवे जास्त आणि जुने थोडे, आणि प्रत्येकात फक्त ते वाक्य शोधा जिथे तुमचा बीज पेपर सायट झालाय. चार खुणा पुरतात: प्रस्तावनेत नुसतं नाव घेतलं, डेटा किंवा पद्धत वापरली, निष्कर्ष पुढे नेला, किंवा निष्कर्षाला आव्हान दिलं. पहिल्या प्रकारचेच बहुतेक निघाले तर पेपर प्रसिद्ध आहे पण विषय पुढे सरकत नाहीये. आव्हान देणारे वाढत असतील तर खूश व्हा, तिथे वाद जिवंत आहे आणि तुम्हाला काम करायला जागा आहे. हे कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी नीट करत नाही, वाचावंच लागतं.

संस्थांप्रमाणे बघणार असाल तर नावं सांभाळा. पुणे विद्यापीठाचं नाव 2014 मधे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, एकाच नावाने सर्च केलंत तर एका काळातलं काम गायब होतं. एनसीएल कुठे नॅशनल केमिकल लॅबोरेटरी म्हणून येतं, कुठे पुढे सीएसआयआर लावून. आणि क्षेत्राक्षेत्रांत तुलना करूच नका, गणितात सायटेशन कमी आणि सावकाश येतात, बायोमेडिकलमधे भराभर, ते चांगलं-वाईट नसून तिथली रीतच तशी आहे. रिव्ह्यू पेपर वेगळे काढा, ते नेहमीच जास्त सायट होतात. मागे घेतलेले पेपर आहेत का तेही तपासा, अशा पेपरांची रिट्रॅक्शन वॉचने केलेली यादी 2023 पासून क्रॉसरेफकडे (पेपरांना डीओआय नंबर देणारी संस्था) खुली आहे.

हे सगळं झालं की कुठले शब्द टाकले, कुठल्या तारखेला, कुठल्या डेटाबेसमधे, हे त्याच एक्सेलच्या पहिल्या शीटवर लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तोच सर्च परत करता येत नाही. बीज पेपरांवर स्कॉलरचा अलर्ट लावा म्हणजे नवीन सायट करणारा पेपर आला की मेल येते, आणि आलेल्या प्रत्येक पेपरपुढे त्या चारपैकी एक खूण लगेच टाकत चला.