आनुवंशिकतेची उदाहरणे सोडवताना या चुका टाळा

नाशिकमध्ये दहावी-बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवते. सराव परीक्षेचे गठ्ठे तपासायला घेतले की आनुवंशिकतेच्या प्रश्नात दर वर्षी एकच चित्र दिसते. मेंडेलचे नियम पाठ असतात, ३:१ आणि ९:३:३:१ ही गुणोत्तरेही तोंडपाठ असतात, तरीही उत्तर चुकलेले असते. त्या उत्तरात मागे मागे जाऊन चूक शोधली, तर ती बहुतेक वेळा एकाच जागी सापडते: जनकांच्या जनुकांची जोडी लिहून झाल्यावर आणि अपत्यांच्या शक्यता मांडणारी पनेट चौकट आखण्याआधी युग्मकांची, म्हणजे प्रजननपेशींची, जी एक ओळ लिहायची असते, ती एक तर गाळलेली असते किंवा चुकीची लिहिलेली असते.

ही ओळ महत्त्वाची का, हे समजण्यासाठी मूळ तत्त्व आठवावे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे साधारणपणे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांना युग्मविकल्पी किंवा अलील म्हणतात. अर्धगुणसूत्री विभाजनात ही जोडी सुटते आणि प्रत्येक युग्मकात तिच्यातील एकच प्रत जाते. हाच मेंडेलचा विभक्तीकरणाचा नियम आहे. म्हणजे शरीराच्या पेशीत जोडी असते आणि युग्मकात सुटी प्रत असते. जोडी आणि सुटी प्रत यांतला फरक ज्याच्या मनात पक्का बसला, त्याच्या निम्म्या चुका आपोआप थांबतात.

युग्मकांची ओळ

द्विसंकराचे, म्हणजे दोन गुण एकाच वेळी पाहणाऱ्या संकराचे, नेहमीचे उदाहरण घेऊ. वाटाण्याचे बी गोल असेल तर मोठा आर, सुरकुतलेले असेल तर छोटा आर. पिवळे असेल तर मोठा वाय, हिरवे असेल तर छोटा वाय. शुद्ध गोल-पिवळ्या आणि शुद्ध सुरकुतलेल्या-हिरव्या वाटाण्याच्या संकरातून आलेल्या पहिल्या पिढीतील झाडाकडे ही चारही रूपे असतात. या झाडाचे युग्मक लिहायला सांगितले की वर्गातील बरीच मुले दोन युग्मक लिहितात: एकात मोठा आर आणि छोटा आर, दुसऱ्यात मोठा वाय आणि छोटा वाय. मागच्या वर्षी एका मुलाने फळ्यावर असेच लिहिले. मी त्याला एवढेच विचारले, की तुझ्या पहिल्या युग्मकातून जे बी तयार होईल, त्याला या झाडाकडून रंगाचे जनुक कुठून मिळणार? तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने स्वतःच ती ओळ पुसली.

बरोबर ओळीत चार युग्मक येतात आणि प्रत्येकात एक आर व एक वाय असतो. दोन्ही मोठे, मोठा आर व छोटा वाय, छोटा आर व मोठा वाय, आणि दोन्ही छोटे. ही ओळ तपासण्याची कसोटी साधी आहे: प्रत्येक युग्मकात प्रश्नातले प्रत्येक अक्षर, मोठे किंवा छोटे, एकदा आणि एकदाच आले पाहिजे. युग्मकांचे प्रकार किती, हेही आधी मोजून घ्यावे. ज्या जोड्यांतील दोन प्रती भिन्न आहेत, त्या प्रत्येक जोडीसाठी २ ने गुणत जायचे. अशा तीन जोड्या असतील तर आठ प्रकार होतात. पण तीनपैकी एका जोडीतील दोन्ही प्रती सारख्याच असतील, तर चारच होतात. येथे आठ प्रकार लिहून मोठी चौकट भरत बसलेली मुले मी परीक्षेत वेळ संपेपर्यंत पाहिली आहेत.

अक्षरांविषयी एक सूचना लहान वाटेल, पण तिने गुण वाचतात. उंच झाडासाठी टी आणि बुटक्यासाठी डी अशी दोन वेगळी अक्षरे वापरू नका. एका जनुकाला एकच अक्षर द्यायचे, प्रभावी रूपाला मोठे आणि अप्रभावी रूपाला छोटे. अक्षर निवडण्याची मोकळीक असेल तेव्हा एस, सी, डब्ल्यू ही अक्षरे टाळावीत, कारण हाताने घाईत लिहिताना त्यांची मोठी व छोटी रूपे सारखीच दिसतात आणि चौकटीच्या तिसऱ्या ओळीपर्यंत लिहिणाऱ्यालाच ती ओळखू येत नाहीत.

गुणोत्तर म्हणजे वाटणी नव्हे

३:१ हे गुणोत्तर पाहून चार अपत्यांत तीन अशी आणि एक तसे, अशी वाटणी अनेक जण गृहीत धरतात. मेंडेलने ब्रनो येथील मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले आणि १८६६ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंच व बुटक्या झाडांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत त्याला ७८७ उंच आणि २७७ बुटकी झाडे मिळाली. भागाकार केला तर हे प्रमाण २.८४ येते, बरोबर ३ येत नाही. हजाराहून अधिक झाडे मोजूनही आकडा तंतोतंत जुळत नसेल, तर चार झाडांत तो जुळलाच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही. गणित करून पाहा: दुसऱ्या पिढीतील कोणतीही चार झाडे घेतली, तर त्यांत नेमकी तीन उंच व एक बुटके असण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के आहे आणि चारही उंच असण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे.

हा गैरसमज वहीपुरता राहिला असता तर मी त्यावर इतका भर दिला नसता. आपल्या जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, कळवण यांसारख्या आदिवासी तालुक्यांत सिकलसेल हा परिचित आजार आहे. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात डीएनएच्या एकाच अक्षराचा बदल होतो, त्यामुळे हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, आणि दोन्ही प्रती अशा असतील तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई व वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही अशी एकेकच प्रत असेल, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती निरोगी असण्याची २५ टक्के असते. येथे ‘प्रत्येक’ हा शब्द अधोरेखित करून ठेवावा. पहिले मूल आजारी निघाले, म्हणजे पुढची तीन सुखरूप होतील, असे समजणारे पालक मला भेटले आहेत. युग्मक तयार होताना आधीच्या मुलात काय घडले याची कोठेही नोंद नसते, त्यामुळे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वेळीही शक्यता तीच २५ टक्के राहते.

प्रभावी म्हणजे बलवान नव्हे, बहुसंख्यही नव्हे

प्रभावी या शब्दानेच बहुधा हा घोटाळा होतो. दोन भिन्न प्रती एकत्र असताना जिचा परिणाम दिसतो ती प्रभावी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. ती प्रत चांगली आहे, ताकदवान आहे किंवा समाजात अधिक आढळते, असे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. याचे उत्तम उदाहरण निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात बांधाबांधावर उभे आहे. थॉमसनसारख्या जातींच्या द्राक्षांचा हिरवट पांढरा रंग हा अप्रभावी गुण आहे. सालीत काळे-लाल रंगद्रव्य तयार करायला जनुकाची एक चालू प्रत पुरते. दोन्ही प्रती बंद पडलेल्या असल्या तरच मणी पांढरे राहतात. तरीही आपल्याकडील बागांत पांढऱ्या द्राक्षांचेच राज्य आहे, कारण कोणता गुण किती पसरतो हे माणसाच्या किंवा निसर्गाच्या निवडीवर ठरते.

द्राक्षाच्याच निमित्ताने आणखी एक चूक सांगते, कारण ती खास आपल्याकडच्या मुलांच्या उत्तरात येते. डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी बांधून केलेल्या कलमाला ती संकर म्हणतात. कलमात युग्मक तयार होत नाहीत, फलन होत नाही आणि दोघांची जनुके एका पेशीत एकत्र येत नाहीत. वरच्या फांदीला येणारे मणी थॉमसनचेच असतात. खुंटाचा परिणाम वेलीच्या जोमावर आणि पाण्याचा ताण सोसण्यावर होतो, मण्यांच्या जनुकांवर होत नाही. म्हणून कलमाच्या प्रश्नात चौकट आखायला घेतली, तर सुरुवातच चुकली असे समजावे.

टोमॅटोची गोष्ट नेमकी उलटी आहे. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी हायब्रीड टोमॅटोच्या चांगल्या फळांचे बी धरून पुढच्या हंगामात रोपे केली. झाडे कमीजास्त उंचीची झाली, फळेही लहानमोठी आली, आणि बियाण्यातच काही खोट असावी असे त्यांना वाटले. खोट कसलीच नव्हती. हायब्रीड म्हणजे संकराची पहिली पिढी, आणि पहिल्या पिढीचे प्रत्येक झाड एकसारखे दिसते, कारण प्रत्येकाकडे दोन भिन्न प्रतींची तीच जोडी असते. टोमॅटोत बहुतांशी स्वपरागण होत असल्याने त्या फळातले बी म्हणजे थेट दुसरी पिढी असते, आणि दुसऱ्या पिढीत जोड्या सुटून लपलेले गुण बाहेर येतात. तेच शेतकरी डोंगळे लावून कांद्याचे घरचे उळे (बी) वर्षानुवर्षे धरतात, कारण ते उळे हायब्रीडचे नसते, खुल्या परागणाच्या वाणाचे असते. त्या मुलीने हा फरक वडिलांना वहीत चौकट आखून समजावून सांगितला, याचा मला आजही फार आनंद आहे.

मिश्रण झाले असे समजणे

लाल आणि पांढऱ्या फुलांच्या गुलबक्षीचा संकर केला की पहिल्या पिढीत गुलाबी फुले येतात. यावरून जनुके रंगासारखी एकमेकांत मिसळली, असे मुले लिहितात. तसे झाले असते तर पुढे सगळी फुले गुलाबीच आली असती. प्रत्यक्षात गुलाबी फुलांच्या स्वपरागणातून लाल, गुलाबी व पांढरी फुले १:२:१ या प्रमाणात येतात, म्हणजे दोन्ही प्रती गुलाबी फुलातही आपापल्या जागी शाबूत होत्या. याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात. एबी रक्तगट हे वेगळे प्रकरण आहे. तेथे मधले काही तयार होत नाही, तर तांबड्या पेशींवरील ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन, म्हणजे ओळखखुणा, पूर्णपणे दिसतात. म्हणून ती सहप्रभाविता.

रक्तगटाच्या बाबतीत अर्धवट माहितीने घरात विनाकारण संशय निर्माण होतो, म्हणून हे नीट सांगितले पाहिजे. आई ए गटाची, वडील बी गटाचे आणि मूल ओ गटाचे, यात काहीही विपरीत नाही. दोघांकडेही ओ गटाची एकेक लपलेली प्रत असली की पुरते. दोन्ही पालक आरएच पॉझिटिव्ह असताना मूल आरएच निगेटिव्ह असणे, हेही त्याच कारणाने घडते. पालक एबी असताना मूल ओ गटाचे असणे मात्र सर्वसाधारण नियमात बसत नाही, पण त्यालाही अपवाद आहे आणि तो १९५२ मध्ये आपल्याच मुंबईतून जगासमोर आला. बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तीत ए व बी प्रतिजन ज्या पायावर उभे राहतात तो एच प्रतिजनच तयार होत नाही, त्यामुळे ए किंवा बी चे जनुक असूनही नेहमीच्या तपासणीत रक्त ओ गटाचे भासते. नुसत्या रक्तगटावरून कोणाच्या पितृत्वाचा निवाडा करू नये, तो याचसाठी.

लिंगसंलग्न गुणांत दोनच गोष्टी पाहायच्या. लाल-हिरव्या रंगांधत्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे वायवर त्याचे अक्षर लिहायचे नाही. आणि मुलाला वडिलांकडून वाय मिळत असल्याने हे जनुक वडिलांकडून मुलाकडे जाऊच शकत नाही. याच कारणाने मूल मुलगा होणार की मुलगी हे वडिलांच्या शुक्रपेशीवर ठरते, आणि मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांत हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवले पाहिजे. प्रश्नाची भाषाही बारकाईने वाचावी. आई वाहक आणि वडिलांची दृष्टी सामान्य असताना ‘मुलगा रंगांध असण्याची शक्यता’ १/२ आहे, तर ‘अपत्य रंगांध मुलगा असण्याची शक्यता’ १/४ आहे.

जीभ गुंडाळता येणे हा एकाच प्रभावी जनुकाचा गुण म्हणून वर्गात दाखवण्याची प्रथा आता सोडावी. १९४० मध्ये तशी मांडणी झाली होती, पण १९५२ मध्येच एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला जीभ गुंडाळता येते आणि दुसऱ्याला येत नाही, अशा जोड्या आढळल्या.

दोन तृतीयांश

सर्वांत अवघड चूक शेवटी घेते. दोन वाहक पालकांचा एक मुलगा सिकलसेलने आजारी आहे आणि त्याचा भाऊ निरोगी आहे; हा भाऊ वाहक असण्याची शक्यता किती? चांगली मुलेसुद्धा चौकटीकडे पाहून १/२ लिहितात. चौकटीत चार घरे आहेत, त्यांपैकी दोन वाहकांची, हे खरेच आहे. पण हा भाऊ आजारी नाही, हे आपल्याला आधीच माहीत आहे, त्यामुळे आजारी अपत्याचे घर खोडून टाकावे लागते. उरलेल्या तीन घरांपैकी दोन वाहकांची आहेत, म्हणून उत्तर २/३ येते. त्याची होणारी पत्नी वाहक असेल, तर त्यांचे मूल आजारी असण्याची शक्यता २/३ गुणिले १/४, म्हणजे १/६ होते. १/२ धरणाऱ्याचे उत्तर १/८ येते आणि ते जोखीम कमी दाखवते.

सुरगाण्याकडच्या एका विद्यार्थिनीने हे उदाहरण सोडवून झाल्यावर मला थांबवून विचारले, की तिच्या भावाची सिकलसेलसाठीची विद्राव्यता चाचणी (सोल्युबिलिटी टेस्ट) सकारात्मक आली आहे, तर तो आजारी समजायचा का. ही चाचणी वाहक व आजारी या दोघांतही सकारात्मक येते, आणि दोघांतला भेद हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये कळतो: वाहकात सामान्य आणि सिकल अशी दोन्ही हिमोग्लोबिने दिसतात, दोन्ही प्रती सिकलच्या असलेल्या आजारी व्यक्तीत सामान्य हिमोग्लोबिन दिसत नाही. लग्न ठरवताना जोडीदाराचीही तपासणी हवी, आणि तीत सिकलसेलबरोबर थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे) वाहकत्वही पाहिले पाहिजे, कारण या दोहोंच्या एकेका प्रतीनेही मूल आजारी होऊ शकते. हे सगळे तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले. आठवड्याने ती भावाचा अहवाल घेऊन आली, तेव्हा त्यात दोन्ही हिमोग्लोबिने नोंदलेली होती. तिने आधी काढलेल्या २/३ वर काट मारली आणि शेजारी १ लिहिला.